पासवर्ड लिहून ठेवा

बँकेतल्या फलकापासून ऑफिसातल्या सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणापर्यंत सगळीकडे एक सूचना हमखास असते : पासवर्ड कुठेही लिहून ठेवू नका, लक्षात ठेवा. ही सूचना चुकीची आहे आणि तिने सामान्य माणसाचं नुकसान केलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ईमेल, बँक, प्राप्तिकर, विमा, वीजबिल, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, रेल्वेची तिकिटं असा सगळा संसार जो माणूस घरच्या संगणकावरून चालवतो, त्याने आपले पासवर्ड कागदावर लिहावेत, स्वच्छ अक्षरात लिहावेत आणि ती वही घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर कुलपात ठेवावी. जो केवळ स्मरणशक्तीवर विसंबतो, तो शेवटी एकच सोपा पासवर्ड सगळीकडे वापरायला लागतो. आजच्या चोराला नेमकं तेच हवं असतं.

हा चोर कुठे बसतो आणि त्याच्या हाती पासवर्ड लागतो कसा, हे आधी पाहायला हवं. संगणकाला पासवर्ड लागला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. एकच अवाढव्य संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची ‘सीटीएसएस’ नावाची व्यवस्था फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उभी केली. १९६१मध्ये तिचं प्रात्यक्षिक झालं. प्रत्येकाच्या फायली वेगळ्या राहाव्यात आणि प्रत्येकाने नेमून दिलेलाच वेळ वापरावा, यासाठी माणशी एक पासवर्ड. १९६२मध्ये अ‍ॅलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला वाट्याला आलेला वेळ पुरेना. त्याने सगळ्यांच्या पासवर्डांची फाईलच यंत्राकडून छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करू लागला. पुढे १९६६मध्ये एका तांत्रिक चुकीमुळे स्वागताचा संदेश आणि पासवर्डांची फाईल यांची अदलाबदल झाली, आणि लॉग-इन करणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात सगळ्यांचे पासवर्ड छापून येऊ लागले. या दोन्ही वेळा कुणी कुणाचा खण उघडला नव्हता की कुणाची वही वाचली नव्हती. पासवर्ड फुटले ते जिथे सगळ्यांचे मिळून एकत्र साठवले होते तिथून. साठ वर्षांनंतरही मोठ्या चोऱ्यांची रीत बऱ्याच अंशी हीच आहे.

यावर तोडगा निघाला तो असा, की संगणकाने मूळ पासवर्ड साठवायचाच नाही. त्यावर एक गणिती प्रक्रिया करून जे उरेल तेवढंच ठेवायचं. गहू दळला की पिठाचा पुन्हा गहू होत नाही, तशी ही प्रक्रिया उलटी फिरवता येत नाही. तुम्ही पासवर्ड टाकला की संगणक तो पुन्हा दळतो आणि आधीच्या पिठाशी जुळतो का ते पाहतो. युनिक्स प्रणालीवर काम करणारे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९मध्ये या पद्धतीवर एक निबंध प्रसिद्ध केला. दोन माणसांनी एकच पासवर्ड निवडला तरी साठवलेली नोंद वेगळी दिसावी, म्हणून त्यात काही यादृच्छिक अक्षरं मिसळण्याची युक्तीही त्यात आहे. पण त्या निबंधातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. त्यांनी लोकांचे प्रत्यक्षातले ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले. त्यांतले २,८३१, म्हणजे ८६ टक्के, एक तर फार आखूड होते, किंवा निव्वळ लहान लिपीतली पाच-सहा अक्षरं होती, किंवा शब्दकोशात सापडणारे होते. हे वापरकर्ते अडाणी नव्हते, संगणकाच्या जगातलेच होते. माणसाला लक्षात ठेवायला सांगितलं की तो लक्षात राहील असंच निवडणार, हे तेव्हाच कळून चुकलं होतं.

चोर मग पीठ उलटं फिरवायच्या फंदात पडत नाही. चोरलेली यादी तो स्वतःच्या यंत्रावर घेऊन बसतो, एकेक अंदाज दळतो आणि जुळवून बघतो. तिथे ‘तीन वेळा चुकलात, खातं बंद’ असं म्हणणारं कुणी नसतं. डिसेंबर २०१२मध्ये जेरेमी गॉस्नी यांनी ऑस्लोतल्या एका परिषदेत २५ ग्राफिक्स कार्डं जोडलेला संगणकसंच सादर केला. विंडोजच्या पासवर्डांवर तो सेकंदाला ३५० अब्ज अंदाज चालवत असे. कळफलकावरची सगळी ९५ चिन्हं धरून आठ अक्षरांचा कोणताही पासवर्ड घ्या. अशा सगळ्या जोडण्या तो साडेपाच तासांच्या आत संपवायचा. दहा वर्षांहून जुनं हे यंत्र आहे. सेवा देणाऱ्या कंपनीने मुद्दाम संथ चालणारी पद्धत वापरली असेल तर हा वेग कितीतरी पटींनी खाली येतो. पण तुमच्या कंपनीने ती वापरली आहे की नाही, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. काही कंपन्या तर काहीच न दळता साठवतात. २००९मध्ये ‘रॉकयू’ या कंपनीकडून तीन कोटींहून जास्त पासवर्ड चोरीला गेले; ते जसेच्या तसे वाचता येण्याजोगे ठेवलेले होते आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६. ती यादी आजही अंदाज बांधणाऱ्यांच्या हातातलं पहिलं हत्यार आहे.

एका ठिकाणी फुटलेला पासवर्ड दुसऱ्या ठिकाणी चालवून बघणं, हा तर आता सर्रास चालणारा आणि यंत्रांवर सोपवलेला धंदा झाला आहे. ‘ड्रॉपबॉक्स’ ही फायली साठवणारी कंपनी २०१२मध्ये अशीच अडचणीत आली : दुसऱ्या एका संकेतस्थळावरून चोरलेला पासवर्ड तिच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याला लागू पडला. तंत्रज्ञानाच्या कंपनीत काम करणाऱ्या माणसाला जर वेगळे पासवर्ड लक्षात ठेवणं जमलं नाही, तर आईबाबांकडून ती अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. म्हणून मी म्हणतो, पासवर्ड किती अवघड आहे यापेक्षा तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही, हे जास्त महत्त्वाचं. चाळीस-पन्नास खात्यांना चाळीस-पन्नास वेगळे पासवर्ड डोक्यात ठेवणारा माणूस मी पाहिलेला नाही. ते कुठेतरी उतरवून ठेवावेच लागतात.

ज्याला आपण नियम म्हणून डोक्यावर घेतलं, तो नियमही तपासून घ्यायला हवा. एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह, आणि दर काही महिन्यांनी बदल. हा साचा जगभर पसरायला अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेची २००३मधली एक पुस्तिका मोठ्या प्रमाणात कारण झाली. ती लिहिणारे बिल बर यांनी निवृत्तीनंतर, २०१७मध्ये, ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ला मुलाखत देताना आपण सांगितलेल्या बऱ्याच गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. त्याच वर्षी निस्टने नवी मार्गदर्शिका काढली. चिन्हांची सक्ती नको, ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, पासवर्ड लांब असू द्या आणि तो आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नाही ना तेवढं तपासा, असं ती सांगते. आपल्याकडच्या किती कार्यालयांनी हा बदल वाचला? पंचेचाळीस दिवस झाले की अजूनही पडदा अडतो, आणि कर्मचारी शेवटच्या एकाचा दोन करून पुढे जातो. सक्तीतून काय निपजतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे : दैवताचं किंवा मुलाचं नाव, त्याचं पहिलं अक्षर मोठं, मग अ‍ॅटचं चिन्ह, मग एक-दोन-तीन. चोरालाही हे माहीत आहे.

आणि आपल्या देशात तर ही सवय खुद्द संस्थांनीच लावली आहे. डाऊनलोड केलेल्या आधारच्या पीडीएफचा पासवर्ड काय? नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. ज्याला नाव माहीत आहे त्याने शंभर सालं टाकून पाहिली की फाईल उघडली. वयाचा अंदाज असेल तर दहा-पंधरा प्रयत्न पुरे. प्राप्तिकर खात्याच्या कागदपत्रांना पॅन क्रमांक आणि जन्मतारीख लागते. बँकांची ईमेलवर येणारी विवरणपत्रंही नाव, जन्मतारीख किंवा मोबाइल क्रमांकाच्या अशाच काहीतरी मिश्रणाने उघडतात. हे सगळे तपशील आपण हॉटेलात, सोसायटीच्या रजिस्टरमध्ये, सिमकार्डाच्या दुकानात झेरॉक्ससह देऊन आलेले असतो. कोट्यवधी लोकांच्या मनावर यातून एकच ठसा उमटतो, की पासवर्ड म्हणजे आपलं नाव आणि आपली जन्मतारीख. पुढे तो माणूस स्वतःचा पासवर्ड ठरवताना तेच करतो, तेव्हा दोष त्याच्या माथी मारणं मला मान्य नाही.

पासवर्ड विसरल्यावर विचारल्या जाणाऱ्या ‘गुप्त’ प्रश्नांची गत याहून वाईट. आईचं माहेरचं आडनाव काय, जन्म कुठल्या गावी झाला, पहिली शाळा कोणती. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांच्या ईमेलमध्ये एक विद्यार्थी शिरला, तो याच वाटेने. जन्मतारीख, टपालाचा पिनकोड आणि नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, एवढी उत्तरं त्याला पुरली, आणि ती जाहीर माहितीतून शोधता येत होती. आता आपला लग्नाचा बायोडाटा समोर धरा. वर गणपतीचं चित्र, खाली संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, रास, नाडी, देवक. शिक्षण, शाळा-कॉलेजच्या नावासकट. भाऊ-बहिणी. मामांचं आडनाव आणि गाव, म्हणजेच आईचं माहेर. सगळ्यात शेवटी संपर्कासाठी मोबाइल नंबर, आणि बहुधा तोच नंबर बँकेला जोडलेला. जगातल्या बहुतेक गुप्त प्रश्नांची उत्तरं या एका पानावर असतात आणि ते पान वधूवर सूचक मंडळांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून वर्षानुवर्षं फिरत राहतं. बायोडाटा करू नका असं मी म्हणणार नाही. पण अशा प्रश्नांना खरी उत्तरं मात्र देऊ नका. आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी काहीही असंबद्ध लिहावं आणि ते उत्तर वहीत टिपून ठेवावं.

लिहायचं ते कसं, हे थोडं तपशिलात सांगतो. शब्द आपल्या मनाने निवडायचे नाहीत, दैवयोगावर सोडायचे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५मध्ये ‘डाइसवेअर’ नावाची रीत मांडली. साधा फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांना यादीतला जो शब्द असेल तो घ्यायचा. पाच फाशांच्या जोडण्या होतात ७,७७६, म्हणून यादीत तेवढेच शब्द. असे सहा शब्द जोडले तर वर सांगितलेल्या गॉस्नी यांच्या यंत्राला सगळ्या शक्यता संपवायला सुमारे वीस हजार वर्षं लागतील. सापशिडीच्या डब्यातला फासा यासाठी चालतो. मराठी शब्द घ्यायचे असतील तर जाडजूड शब्दकोश डोळे मिटून उघडावा, बोट ठेवावं, येईल तो शब्द घ्यावा आणि आवडला नाही म्हणून बदलू नये. उंबर, दोरी, खलबत्ता, वायदा असं काहीतरी विस्कळीत हाती लागेल. ते तसंच हवं. अभंगाची ओळ, आरती, गाण्याचा मुखडा घेऊ नये, कारण लोकांच्या तोंडी असलेला मजकूर अंदाजाच्या याद्यांत सहज घालता येतो. एक अडचण मात्र खास आपली आहे. मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करताना दीर्घ आकाराला एक ए की दोन, ‘व’ला व्ही की डब्ल्यू, हे आठवड्याने स्वतःलाच आठवत नाही. म्हणून जसं टाइप केलं अगदी तसंच, अक्षरागणिक, वहीत उतरवावं.

सुरुवात ईमेलपासून करावी. बाकी सगळ्या खात्यांचा ‘पासवर्ड विसरलात का’चा दुवा शेवटी ईमेलवर येतो, ते एक खातं गेलं की उरलेली आपोआप जातात. लिहायचं ते कागदावर. स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅप संदेश, फोनच्या गॅलरीतला फोटो, डेस्कटॉपवरची पासवर्ड नावाची फाईल, हे लिहून ठेवणं नव्हे. दूरवरचा चोर तिथपर्यंत पोहोचतो. एटीएमचा पिन कार्डाबरोबर ठेवू नये, हा जुना सल्ला बरोबरच आहे. संगणक दुरुस्तीला देताना दुकानदार पासवर्ड विचारतो आणि झाकणावर चिकटपट्टी लावून त्यावर पेनने लिहितो. संगणक परत आल्यावरही ती पट्टी महिनोन्महिने तशीच असते. देण्याआधी पासवर्ड तात्पुरता बदलावा, आल्यावर पुन्हा बदलावा.

लिहून ठेवा असं सांगणारा मी पहिला नाही. सुरक्षाशास्त्राचे अभ्यासक ब्रूस श्नायर यांनी २००५मध्ये हाच सल्ला दिला होता. कागदाचे छोटे तुकडे सांभाळण्यात माणूस तरबेज असतो, पाकिटातले पैसे तो रोज सांभाळतोच, हा त्यांचा मुद्दा. मग हा सल्ला रुजला का नाही? माझ्या मते एक कारण जबाबदारीचं आहे. अनेक बँकांच्या अटींमध्ये ग्राहकाने पासवर्ड कुठेही नोंदवू नये असं कलम असतं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, चूक ना बँकेची असेल ना ग्राहकाची, आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर भार येत नाही. पण नुकसान ग्राहकाच्या निष्काळजीपणाने झालं असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं त्याने सोसायचं. कपाटातल्या वहीला निष्काळजीपणा म्हणायची सोय ते कलम करून ठेवतं. पासवर्ड दुसऱ्याला सांगणं आणि घरात जपून नोंदवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे बँकांनी आपल्या अटींत लेखी मान्य केलं पाहिजे. तोवर बँकेपुरती आपल्या अटींची प्रत वाचून निर्णय घ्यावा. बाकीच्या खात्यांना ही अडचण नाही.

वहीवरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो गंभीर आहे : चोर घरातच असेल तर? बायकोचे संदेश वाचणारा नवरा, म्हातारीच्या पेन्शनवर डोळा ठेवणारा मुलगा, मुलीच्या फोनवर पाळत ठेवणारे काका, हे आपल्या घरांत आहेत आणि ‘आपल्यात काय लपवायचं’ या वाक्याने त्यांचं समर्थनही होतं. अशा घरात वही ही धोक्याची वस्तू आहे. तिथल्या बाईने पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड कूटबद्ध करून साठवणारं सॉफ्टवेअर, वापरावा, ईमेलचं खातं स्वतंत्र ठेवावं, आणि जिथे खातं उघडलं आहे त्या जुन्या उपकरणांवरून आधी लॉग-आऊट करावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ क दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगतं, आणि नवरा म्हणून त्यातून सूट दिलेली नाही. पासवर्ड मागणं हा प्रेमाचा पुरावा मागणं नव्हे, एवढं तरी मुलींना घरातूनच सांगितलं जावं.

तालुक्याच्या गावी तर प्रश्न आणखी वेगळा दिसतो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या मुलाचं खातं सेवा केंद्रातला चालक उघडतो, पासवर्ड तोच ठरवतो, बऱ्याचदा सगळ्यांसाठी एकच, आणि नाव, आयडी, पासवर्ड अशा तीन रकान्यांत जाड रजिस्टरमध्ये लिहून ठेवतो. पोराकडे फोन नसला तर मोबाइल नंबरही चालकाचाच पडतो. बहुतेक चालक हे मदत म्हणूनच करतात, कारण पुढच्या वर्षी मूल पासवर्ड विसरून परत येणार हे त्यांना ठाऊक असतं. पण या सोयीमुळे मुलाच्या अर्जावर मुलाचा ताबा उरत नाही. ज्याच्या हाती रजिस्टर, तो महाविद्यालयांचा पसंतीक्रमही मुदत संपेपर्यंत बदलू शकतो. यावर जनजागृतीची मोहीम नको, एक छापील चिठ्ठी हवी : पासवर्ड मुलाने स्वतः टाइप करायचा, चिठ्ठीवर स्वतः लिहायचा आणि घरी न्यायचा. त्या मुलाने पासवर्ड लिहून ठेवणं हेच त्याचं स्वातंत्र्य आहे.

माणूस गेल्यावर काय, याचा विचार तर आपण करतच नाही. दागिने, ठेवी, सातबारा यांची चर्चा घरात होते, नॉमिनी लावले जातात. पण विजेचं बिल कुठल्या खात्यातून आपोआप जातं, विम्याची पावती कुठल्या ईमेलवर येते, मुलांचे लहानपणापासूनचे फोटो कुठे साठवलेत, हे बहुधा एकट्या त्या माणसाच्या डोक्यात असतं. दहाव्या-तेराव्याच्या गडबडीत घरचे त्याच्या लॅपटॉपसमोर बसून नातवंडांची नावं टाकून बघत असतात, आणि थोड्या प्रयत्नांत खातं कुलूपबंद होतं. गूगलने २०१३पासून आणि अ‍ॅपलने २०२१च्या डिसेंबरपासून आपल्या पश्चात खातं कुणाच्या हाती जावं हे आधी नेमून ठेवायची सोय दिली आहे. ती दहा मिनिटांत करता येते. पैसे मात्र कायदेशीर मार्गानेच काढायला हवेत. गेलेल्या माणसाचा बँकेचा पासवर्ड वापरून पैसे वळते करणं वारसांना पुढे फार महागात पडू शकतं. कोणती खाती आहेत हे कळण्यासाठी वही, आणि रक्कम मिळवण्यासाठी नॉमिनी, अशी विभागणी घरच्यांना आधीच समजावून सांगावी.

ज्याला संगणकाचा सराव आहे त्याने वहीच्या जागी पासवर्ड मॅनेजर वापरावा. कीपास किंवा बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमध्ये एकच लांब मुख्य पासवर्ड असतो आणि बाकीचे यंत्र तयार करतं. बनावट संकेतस्थळावर मॅनेजर आपणहून पासवर्ड भरत नाही, हा त्याचा वहीपेक्षा मोठा फायदा. तो अभेद्य मात्र नाही. २०२२मध्ये ‘लास्टपास’ कंपनीकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. आतले पासवर्ड कूटबद्ध होते, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड दुबळा होता त्यांना खरा धोका होता. तो एक पासवर्ड फासा टाकूनच ठरवावा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवावा.

पासवर्डांच्या जागी पासकी सगळीकडे रुळल्या की हे सगळं कालबाह्य होईल, असं तज्ज्ञ सांगतात. मे २०२२मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून त्या दिशेने पाऊल टाकलं, आणि तंत्र म्हणून ते चांगलंच आहे : किल्ली तुमच्या उपकरणात राहते, कंपनीकडे चोरण्यासारखं काही उरत नाही. पण मग सगळा भार येतो तो फोनच्या कुलपावर. ज्या घरात एकच स्मार्टफोन आई, दोन मुलं आणि आजोबा मिळून वापरतात आणि त्याचा चार आकडी पिन सगळ्यांना तोंडपाठ असतो, तिथे पासकी नेमकी कुणाची ओळख पटवणार? अशा घरांसाठी व्यवस्था कशी असावी, हे ठरवताना आपल्याकडच्या बँकांनी आणि सरकारी संकेतस्थळांनी त्या घरातल्या आईला विचारायला हवं.